डबल केलेला आवाज आणि जुळवणीचे प्लगइन : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सात महिन्यांत मी घरच्या खोलीत अकरा गाणी रेकॉर्ड केली आणि त्यांपैकी नऊ गाण्यांत ध्रुवपदाचा आवाज डबल केला, म्हणजे तीच ओळ त्याच सुरात पुन्हा गाऊन पहिल्या आवाजाखाली बसवली. हे दोन आवाज जुळवण्यासाठी आधी मी नुसता माउस घेऊन ट्रॅकचे तुकडे करून सरकवत असे. नंतर याच कामासाठी बनवलेले एक प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे साधन, घेतले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या कामाच्या तत्त्वातच आहे. साधन उपयोगाचे आहे. मात्र ते जेवढे करू शकते त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढेच त्याच्याकडून करून घ्यावे, हे उमगायला मला तीन महिने लागले.

डबल करायचे तर पुन्हा गावेच लागते, याला पळवाट नाही. एकच ट्रॅक कॉपी करून त्याच ठिकाणी पेस्ट केला तर आवाज 6 डेसिबलने मोठा होतो, बाकी काहीही बदलत नाही. तो कॉपी केलेला ट्रॅक 1 मिलिसेकंद मागे सरकवला तर 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठरावीक अंतरांवर आवाजाला खड्डे पडतात आणि गाणारा नळकांड्यातून गातो आहे असे वाटते. 1966 साली ॲबी रोड स्टुडिओत ध्वनि-अभियंता केन टाउनसेंड यांनी बीटल्ससाठी कृत्रिम डबलिंगची युक्ती काढली, ती मुख्यतः जॉन लेनन यांना तीच ओळ पुन्हा पुन्हा गाण्याचा कंटाळा होता म्हणून. पण त्यातही दुसऱ्या टेप मशीनचा वेग हाताने किंचित कमी-जास्त करत ठेवावा लागे. दोन आवाजांमधले अंतर सतत थोडे हलते राहिले तरच कानाला दोन गळे ऐकू येतात. माझ्या प्लगइनची सगळी कथा या एका वाक्यात आहे, पण घेताना ते माझ्या लक्षात आले नव्हते.

प्लगइनला लीडचा, म्हणजे पहिल्या मुख्य आवाजाचा, ट्रॅक नमुना म्हणून दाखवायचा आणि डबलचा ट्रॅक त्याच्या हवाली करायचा. दोन्हींतील आवाजाचे चढउतार तपासून ते डबलचा प्रत्येक तुकडा ताणते किंवा आखडते आणि लीडच्या वेळेवर आणून ठेवते. पहिल्या दिवशी मी जुळवणीची पट्टी शंभर टक्क्यांवर नेली, सूर जुळवण्याची सोयही चालू केली, आणि अर्ध्या तासाचे काम अर्ध्या मिनिटात झालेले पाहून हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकले तेव्हा ध्रुवपद आधीपेक्षा बारीक वाटत होते. दोन्ही आवाजांची वेळ एक, सूर एक, कंपनही एकच. म्हणजे मी घाम गाळून दोनदा गायलो होतो आणि प्लगइनने त्याची पुन्हा कॉपी करून दिली होती, वर तो नळकांड्याचा गुण लावून.

तिथपासून सूर जुळवण्याची सोय मी बंदच ठेवली आहे. 440 हर्ट्झच्या स्वरावर दोन आवाजांत 10 सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराच्या दहाव्या हिश्श्याचा, फरक असेल तर सेकंदाला सुमारे अडीच डोल पडतात, म्हणजे आवाज तेवढ्या वेळा लहान-मोठा होतो, आणि डबलची ऊब म्हणतात ती बरीचशी या डोलातच असते. फरक 30-40 सेंटपर्यंत गेला तर मात्र ते बेसूर आहे. तेवढीच जागा हाताने सुधारावी, किंवा सरळ पुन्हा गावे. वेळेच्या जुळवणीची पट्टी मी आता तीस ते पस्तीसच्या आसपास ठेवतो.

खरी मेख व्यंजनांत आहे, आणि याबद्दल मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. चौथ्या गाण्यात एक ओळ ‘परत’ या शब्दावर संपते. डबल लावला की ती ‘परतत’ अशी ऐकू येई. वेव्हफॉर्म (पडद्यावरचा आवाजाचा आलेख) मोठा करून पाहिला तेव्हा दोन्ही ट्रॅकमध्ये ‘र’नंतरच्या स्वराचा फुगवटा, मग जीभ दाताला टेकल्याची एक रिकामी चीर, आणि मग ‘त’चा काटा असे स्पष्ट दिसत होते, दोन काट्यांमध्ये साधारण 60 मिलिसेकंदांचे अंतर होते. कान जवळजवळ आलेले दोन आवाज एक समजून घेतो, पण त्याची सहनशक्ती आवाजाच्या जातीप्रमाणे बदलते : गाण्या-बोलण्यासारख्या आवाजांत ती 40 मिलिसेकंदांपर्यंत जाते, तर टिचकीसारख्या तुटक आवाजांत 5 मिलिसेकंदांनंतरच दोन टिचक्या वेगळ्या पडू लागतात. म्हणून स्वर सैल राहिले तरी चालतात, ‘त’, ‘ट’, ‘क’, ‘च’ चालत नाहीत. प्लगइनची पट्टी वाढवली की ‘त’ जुळे, पण त्याबरोबर मागचा स्वरही आवळला जाई. शेवटी मी डबलमधला ‘त’ कापूनच टाकला, स्वराच्या टोकाला 15 मिलिसेकंदांचा फेड दिला, म्हणजे तो हळूहळू विरवला, आणि लीडमधला एकच ‘त’ दोन्ही आवाजांच्या वतीने उभा राहिला. ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचे कळत नाही. आता तर मी डबल गातानाच शब्दांच्या शेवटची व्यंजने गिळतो, आणि ‘स’, ‘श’ अगदी ओझरते उच्चारतो. नुसता तो ट्रॅक ऐकला तर कोणी झोपेत गात असावे असे वाटते, पण लीडखाली तो चपखल बसतो. ‘स’, ‘श’ची शीळ दाबणाऱ्या डी-एसरचे निम्मे काम त्यानेच वाचते.

गाण्याच्या सवयीही यामुळे बदलल्या. डबल त्याच बैठकीत गावा, कारण दुसऱ्या दिवशीचा आवाज वेगळा असतो आणि हा फरक कुठलेही साधन भरून काढत नाही. हेडफोनमध्ये लीड एकाच कानात, आणि थोडा लहान, ठेवला की तो अनुसरता येतो आणि स्वतःचा सूरही कळतो. माइकपासून एक वीत आणखी मागे सरकून, कमी जोराने गायलेला डबल आपोआप मागे बसतो. हेडफोन बंद पाठीचेच हवेत. माझ्या एका टेकमध्ये (एकदा गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) लीड हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरला होता, आणि प्लगइन त्या गळतीलाच गाणे समजून भलत्याच जागा ताणत बसले.

पाचव्या गाण्याला तर पूर्ण संध्याकाळ वाया गेली, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. मिक्सिंगसाठी बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 1024 सॅम्पलवर नेला होता, तो तसाच राहिला. 48 किलोहर्ट्झला तेवढा बफर म्हणजे 21 मिलिसेकंद, आणि सॉफ्टवेअरमधून स्वतःचा आवाज ऐकत असल्यामुळे जाताना एकदा व येताना एकदा असा तो दुप्पट होत होता. माझाच आवाज मला उशिरा ऐकू येत असल्याने मी अडखळत गायलो, आणि ते अडखळणे प्लगइनच्या गळ्यात मारले. आता गाताना बफर 128 वर असतो.

मिक्समध्ये फार काही करावे लागत नाही. डबल लीडपेक्षा 8 ते 10 डेसिबल खाली, हाय-पास (खालचे खर्ज आवाज गाळणारी चाळणी) 200 हर्ट्झच्या आसपास, वरची चमक थोडी उतरवलेली, आणि कम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारे साधन) लीडपेक्षा कडक, म्हणजे डबल मध्येच डोके वर काढत नाही. फेडर (आवाज लहान-मोठा करायची पट्टी) हळूहळू वर न्यावा आणि दुसरा माणूस ऐकू येऊ लागला की किंचित मागे घ्यावा. दोन डबल असतील तर डावी-उजवीकडे दूर ठेवता येतात. एकच असेल तर तो एका बाजूला टाकू नये, चित्र कलंडते. मोनोमध्ये, म्हणजे डावे-उजवे एकत्र करून, एकदा ऐकणे मात्र टाळू नये, कारण फार आवळलेला डबल सर्वांत आधी तिथेच उघडा पडतो.

आता तक्रारी. लांब धरलेल्या स्वरावर प्लगइनला पकडायला काही टोकच सापडत नाही, त्यामुळे तिथे ते अंदाजाने ताणते आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा थरथरतो. मुरकी किंवा मींड असेल तर ही अडचण वाढते. दोन टेकमधली मुरकी कधीच सारखी नसते, आणि एकीला दुसरीच्या साच्यात कोंबले की दोन्ही बिघडतात. अशा जागी मी डबल बंदच करतो. लीडमध्ये श्वास आहे आणि डबलमध्ये नाही, असे असले तरी त्याचा गोंधळ होतो, म्हणून डबलमधले श्वास मी आता आधीच काढून टाकतो. एका अपडेटनंतर जुन्या दोन प्रकल्पांतली जुळवणी नाहीशी झाली आणि पुन्हा करावी लागली. तेव्हापासून काम झाले की जुळवलेल्या डबलचा नवा ट्रॅक रेंडर करून, म्हणजे कायमचा छापून, ठेवतो.

ज्यांच्याकडे एकाच गायकाचे सहा-आठ ट्रॅक, किंवा समूहगानाचे थर असतात, त्यांचे तास या प्लगइनने नक्कीच वाचतील. ध्रुवपदाला एकच डबल लावणाऱ्याने मात्र आधी दोन-तीन गाणी हाताने जुळवून पाहावीत; कान कशाला हरकत घेतो आणि कशाकडे काणाडोळा करतो हे त्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्यावर प्लगइनची गरज निम्म्याने उतरते. माझ्या पहिल्या गाण्यात ते पूर्ण ट्रॅकवर चालवले होते. अकराव्या गाण्यात फक्त सहा शब्दांवर चालवावे लागले, आणि त्यांपैकी दोन मी पुन्हा गाणार आहे.