एएमडी-पीस्टेटचा ॲक्टिव्ह मोड: काही महिन्यांच्या वापरानंतर

एएमडी-पीस्टेट म्हणजे लिनक्स कर्नलमधला, एएमडी प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर. डेस्कटॉपवर तो चालू करून वीजबिल उतरेल अशी आशा असेल तर ती आधीच सोडा. रायझनच्या चिपलेट (छोट्या चिप जोडून केलेल्या) प्रोसेसरांत आयओ डाय, म्हणजे मेमरी आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारी चिप, वेगळी असते. मशीन रिकामं असताना बरीचशी वीज तीच खाते, आणि कोअरची फ्रीक्वेन्सी कमी केल्याने तिला काही फरक पडत नाही. फायदा दिसतो तो मधल्या लोडला. ब्राउझर, व्हिडिओ, छोटं कंपाइल चालू असताना पंखा उगाच चढत-उतरत नाही, आणि काम आलं की वेग मात्र लगेच मिळतो. जुना ड्रायव्हर एसीपीआय-सीपीयूफ्रेक झेन प्रोसेसरांना (झेन ही रायझनमागची रचना) वेगाच्या साधारण तीनच पायऱ्या देतो. इथे मधला सगळा पट्टा वापरता येतो.

ड्रायव्हर कर्नल ५.१७ मध्ये आला, ॲक्टिव्ह मोड (वेग फर्मवेअर ठरवतं) ६.३ मध्ये आणि गायडेड (कर्नल मर्यादा देतो, आतला वेग फर्मवेअर निवडतं) ६.४ मध्ये. ६.५ पासून बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ॲक्टिव्ह हाच कर्नलचा डिफॉल्ट आहे. तरी गृहीत धरू नका. 'सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो' चालवा आणि ड्रायव्हरची ओळ वाचा. 'एएमडी-पीस्टेट-ईपीपी' दिसलं तर ॲक्टिव्ह. नुसतं 'एएमडी-पीस्टेट' म्हणजे पॅसिव्ह (वेग कर्नल ठरवतो) किंवा गायडेड.

एसीपीआय-सीपीयूफ्रेकच दिसत असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) पीस्टेट शोधा. सीपीसी ऑब्जेक्ट सापडत नाही असा संदेश असेल तर दोष लिनक्सचा नाही, बायोसमध्ये सीपीपीसी (कर्नलने प्रोसेसरला वेग सांगण्याची सोय) बहुधा बंद आहे. हा पर्याय बहुधा एएमडी सीबीएस, मग एनबीआयओ, मग एसएमयूच्या मेनूत दडलेला असतो. 'ऑटो'वर भरवसा न ठेवता 'एनेबल्ड' करा. बायोस अपडेट केल्यावर सेटिंग अनेकदा मूळपदावर जातं, म्हणून अपडेटनंतर पुन्हा बघा. एलएससीपीयू या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेच्या फ्लॅगांत सीपीपीसी दिसत नाही म्हणून हार मानू नका. झेन २ आणि काही झेन ३ प्रोसेसरांत तेच काम शेअर्ड मेमरीतून होतं, फक्त जरा सावकाश.

सगळ्यात जास्त घोळ गव्हर्नरचा, म्हणजे वेगाच्या धोरणाचा. ॲक्टिव्ह मोडमध्ये दोनच गव्हर्नर उरतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. इथला पॉवरसेव्ह म्हणजे किमान वेगाला जखडणं नव्हे. वेग किती ठेवायचा ते प्रोसेसरचं फर्मवेअर ठरवतं आणि त्याला इशारा मिळतो तो ईपीपीचा (कामगिरी हवी की बचत हे सांगणाऱ्या मूल्याचा): ० म्हणजे पूर्ण कामगिरी, २५५ म्हणजे पूर्ण बचत. 'मशीन पॉवरसेव्हमध्ये अडकलंय' म्हणून गव्हर्नर परफॉर्मन्सला नेला तर ईपीपीही तिथेच खिळतो. मग दुसरं मूल्य लिहायला गेलात की 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असं उत्तर मिळतं. आधी गव्हर्नर पॉवरसेव्ह, मग ईपीपी, हाच क्रम ठेवा. ईपीपी नावानेही देता येतो. डेस्कटॉपला 'बॅलन्स-परफॉर्मन्स' पुरेसा आहे. 'पॉवर'वर विंडो उघडताना कळण्याइतकी दिरंगाई येते आणि बदल्यात फार काही वाचत नाही.

लिहिलेलं मूल्य थोड्या वेळाने आपोआप बदलतंय? वीज सांभाळणाऱ्या दोन सेवा भांडत असणार. पॉवर-प्रोफाइल्स-डेमन, ट्यून्ड, टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक यांपैकी एकच ठेवा, बाकीच्या नुसत्या थांबवू नका, सिस्टिमसीटीएलने मास्क करा, म्हणजे सुरू होण्यापासूनच अडवा. नाहीतर पुढच्या बूटला किंवा दुसऱ्या सेवेच्या मागणीवर त्या परत उठतात. एकही नको असेल तर बूटच्या वेळी फाइलींत मूल्य लिहू शकणाऱ्या सिस्टिमडी-टीएमपीफाइल्समध्ये एक 'डब्ल्यू' ओळ पुरते. ती नसेल तर सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींत) हाताने लिहिलेलं रीबूटला पुसलं जातं.

मोजमापाबद्दल. रिकाम्या मशीनवर एखादा कोअर ४ गिगाहर्ट्झच्या वर दिसला की लोक घाबरतात. तो आकडा कोअर जागा असतानाचा असतो, आणि कित्येकदा मॉनिटरनेच त्याला जागं केलेलं असतं. टर्बोस्टॅट हे मोजमापाचं साधन लावा आणि बिझी टक्केवारी व पॅकेज वॅट हे रकाने बघा. बिझी १ टक्क्याच्या आसपास असेल तर वेग कितीही दिसो, काळजीचं कारण नाही. किमान वेगाचंही तसंच. अलीकडच्या कर्नलांत खालची मर्यादा ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास न दिसता बरीच वर दिसते. एका मर्यादेखाली वेग उतरवला तर कामामागे लागणारी ऊर्जा वाढतच जाते, म्हणून ती मर्यादा मुद्दाम तिथे ठेवलेली आहे.

एक तक्रार मात्र या ड्रायव्हरच्या माथी चुकीने मारली जाते: रिकामं असताना मशीन गोठणं, लोडखाली मात्र ठणठणीत. पहिल्या पिढीच्या रायझनवर हे विशेष गाजलं. हे सी-स्टेटचं, म्हणजे रिकाम्या कोअरच्या झोपेच्या पातळ्यांचं प्रकरण आहे, फ्रीक्वेन्सीचं नाही. सिसएफएसमधल्या सीपीयूआयडलखाली सगळ्यात खोल स्टेटच्या 'डिसेबल' फाइलीत १ लिहा, प्रत्येक कोअरसाठी वेगळं, आणि मशीन रात्रभर रिकामं ठेवा. गोठणं थांबलं तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हा पर्याय 'टिपिकल करंट आयडल'वर न्या. तो सापडत नसेल तरच कर्नलच्या ओळीत प्रोसेसर-मॅक्स-सीस्टेट वापरा. त्याने रिकामेपणीचा वीजवापर वाढतो, आणि गोठण्याचं कारण रॅम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर असेल तर उपयोगही शून्य.