चॅप्टर १३ चा ‘शेड्यूल सी’: काही महिने हप्ते भरल्यानंतर

आम्ही नवराबायकोने न्यू जर्सीत एकत्र चॅप्टर १३, म्हणजे हप्त्यांनी कर्ज फेडायची अमेरिकेतली दिवाळखोरी, फाइल केलं, त्याला आता बरेच महिने झाले. दरमहा हप्ता ट्रस्टीकडे, म्हणजे हप्ते घेऊन धनकोंना वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातोय, कार्डवाल्यांचे फोन बंद आहेत. इथे लिहायचंय ते फक्त शेड्यूल सी या फॉर्मबद्दल, कारण आमचा हप्ता शेवटी त्यावरच ठरला.

चॅप्टर १३ मध्ये घरातलं काही कोणी उचलून नेत नाही, म्हणून मालमत्तेला धनकोंपासून सूट मागायचा हा फॉर्म नावापुरता, असं बरेच जण धरून चालतात. पण चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायच्या दिवाळखोरीत, सगळं विकलं गेलं असतं तर कार्ड कंपन्यांसारख्या विनातारण धनकोंना जेवढं मिळालं असतं, तेवढं तरी प्लॅनमधून द्यावंच लागतं. सुटीत न बसलेली वस्तू घरातच राहते, पण तिची किंमत हप्त्यात येते.

न्यू जर्सीत राज्याची किंवा फेडरल, कुठलीही एक सूट निवडता येते. आम्ही भाड्याने राहतो, त्यामुळे फेडरल. १ एप्रिल २०२५ पासून दागिन्यांना माणशी २,१२५ डॉलर. आजच्या भावात ते दीड-दोन तोळ्यांतच संपतात. खरा आधार ‘वाइल्डकार्ड’चा: १,६७५, शिवाय घराची सूट वापरली नसेल तर तिच्यातले १५,८०० पर्यंत, हव्या त्या वस्तूवर. बायकोचं मंगळसूत्र, पाटल्या, मोहनमाळ, सगळं तिच्या वाट्यात बसलं. वकिलाने घडणावळ सोडून, विकायला गेल्यावर येईल तोच भाव धरला.

अडकलं ते माझं. मालमत्ता जगात कुठेही असो, शेड्यूल ए/बी या मालमत्तेच्या यादीच्या फॉर्ममध्ये दाखवावीच लागते. सातारा जिल्ह्यातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वडिलांनंतर आम्हा भावंडांची नावं लागली आहेत. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, हक्कसोड करून टाक की! तिकडच्या कोर्टाला कोण सांगायला जातंय?” वकिलाने ऐकूनच हात जोडले. फाइल करण्याआधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरणं फॉर्ममध्ये विचारतात, ती रद्द होऊ शकतात आणि मुद्दाम लपवलं तर तो गुन्हा. मग रीतसर मूल्यांकन करून घेतलं, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं. माझा हिस्सा निघाला साधारण १९,००० डॉलरचा, वर पीपीएफचे ४,०००. इथलं ४०१(के) हे नोकरीतलं निवृत्तीचं खातं सुरक्षित असतं; पीपीएफला भारतात जप्तीपासून संरक्षण आहे, पण त्याचा इथे उपयोग झाला नाही.

माझं वाइल्डकार्ड १७,४७५. उरले ५,५२५, म्हणजे ६० महिन्यांत महिना ९२ च्या आसपास, वर ट्रस्टीचं कमिशन. हातात उरणाऱ्या उत्पन्नाच्या हिशेबाने आमचा आकडा याहून कमी येत होता. दोन्हींत जो मोठा तो द्यायचा. बायकोचं बरंच वाइल्डकार्ड शिल्लक होतं, पण जमिनीत तिचं नाव नाही, म्हणून ते माझ्या हिश्शाला लावता येईना. एकत्र फाइल करणाऱ्या जोडप्यांसाठी हा नियम मला फार कोता वाटतो.

ट्रस्टीची मीटिंग झूमवर झाली. जमिनीवर एकच प्रश्न: कसतं कोण, उत्पन्न येतं का? म्हटलं, भाऊ कसतो, मला खंड वगैरे काही देत नाही. पुढच्या ३० दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मागितलेली सूट कायम झाली.

आता गावी वाटणीचं घाटतंय. मोजणी झाली की वकिलाला कळवावं लागणार, आणि भावाला तेही पटलेलं नाही.