छोट्या होडीला मशीन कुठलं घ्यावं? यामाहा, सुझुकी, तोहात्सू, होंडा, मर्क्युरी, सगळ्यांबद्दल थोडं थोडं

नारळी पुनव जवळ आली की आमच्याकडे बंदरावर एकच विषय, कोण नवीन मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आउटबोर्ड) घेतोय आणि कुठल्या कंपनीचं घेतोय. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. हे फक्त २०-२४ फुटी फायबर होडीवाल्यांसाठी आहे, दोन-तीन माणसं, गिलनेटची जाळी, बांगडा पेडवे मोरी आणि नशीब असेल तर इसवण (सुरमई). ट्रॉलर, पर्ससीनवाल्यांची इंजिनं आतली डिझेलची असतात, तो विषयच वेगळा.

आधी मत सांगतो मग कारणं. सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येणारी होडी असेल आणि मशीन काढून खांद्यावरून घरी न्यावं लागत असेल तर यामाहाचं टू स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) एंड्युरो १५ एचपी अजूनही पहिल्या नंबरवर. मशीन होडीलाच बसवलेलं राहत असेल, तासन् तास चालत असेल, म्हणजे लांब जाणारे किंवा सीझनला पर्यटक फिरवणारे, तर सुझुकीचं फोर स्ट्रोक (ऑइल वेगळं असणारं) २०. बाकीच्या कंपन्या वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, पण आपल्या किनाऱ्यावर मशीन घेताना कंपनीच्या नावाआधी एक गोष्ट बघायची, बांगडा लागलेला असताना मशीन बंद पडलं तर त्याचा पार्ट दोन दिवसांत आणि तो खोलणारा माणूस त्याच दिवशी मिळतो का. ऐन हंगामात आठ दिवस होडी वर ओढून ठेवली तर जे नुकसान होतं ते कुठल्याही कंपनीच्या डिस्काउंटने भरून येत नाही.

यामाहाचं एंड्युरो एवढं का चालतं तर ते मुळात कामाच्या बोटींसाठीच बनवलेलं आहे, दोन सिलिंडर, २४६ सीसी, वजन ३६-३७ किलोच्या आसपास, आणि आत उघडलं तर लहान पोरं पण समजून घेतील इतकं साधं. युरोप-अमेरिकेत धुराच्या नियमांमुळे असली कार्बोरेटरवाली टू स्ट्रोक नवीन विकायची बंद झाली, आफ्रिका आणि आशियातल्या किनाऱ्यांवर मात्र मच्छीमार अजून तीच वापरतात. आमच्या बाबांनी आयुष्यभर तेच चालवलं. होडी लाटेत पालथी झाली, मशीन पाण्यात गेलं, तर लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढायचे, दोरी खेचून आतलं पाणी बाहेर काढायचं, प्लगच्या भोकातून तेल सोडायचं आणि त्याच दिवशी चालू करायचं, उशीर केला तर आत गंज धरतो. फोर स्ट्रोकला हे इतकं सोपं नाही, त्याचं आतलं ऑइल पण काढून बदलत बसावं लागतं.

टू स्ट्रोकचा खरा त्रास पेट्रोलचा. फुल रेसवर १५ एचपीचं टू स्ट्रोक तासाला साधारण सहा-सात लिटर पितं, त्याच ताकदीचं फोर स्ट्रोक चार-पाच लिटरवर भागवतं, आणि जाळी ओढताना मशीन हळू चालतं तेव्हा तर फरक अजून वाढतो कारण टू स्ट्रोकमध्ये कमी रेसला बरंच पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जातं. पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसतो ना, तो हाच. रोज दीड-दोन तासच मशीन चालणार असेल तर हा फरक अंगावर येत नाही. दिवसाला सहा-सात तास चालवणाऱ्याने मात्र कागद-पेन घेऊन बसावं, फोर स्ट्रोकला जास्त दिलेले पैसे दोन-तीन हंगामांत पेट्रोलमधूनच सुटतात.

सुझुकीचं २० एचपी मला आवडलं ते त्याच्या फ्युएल इंजेक्शनमुळे. बॅटरी नसली तरी दोरी खेचून इंजेक्शन चालतं, चोकची भानगड नाही, थंडीत पहाटे पण एक-दोन खेचीत सुरू. ३२७ सीसी, वजन ४४ किलोच्या आसपास. आवाज इतका कमी की होडीत बसून माणसं साध्या आवाजात बोलतात, हे पर्यटकवाल्यांना फार कामाचं. पण ४४ किलो आणि ३६ किलो यातला फरक कागदावर बघू नका, भरती उतरल्यावर रेतीतून मशीन उचलून वर आणताना बघा. शिवाय कुठलंही फोर स्ट्रोक आडवं ठेवायचं असेल तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच ठेवावं लागतं, उलट्या कुशीवर टेकवलं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि मग दोरी हलत नाही. हँडलजवळ तसं चित्र असतं, ते खलाशांना आधी दाखवून ठेवा.

होंडाने होडीचं टू स्ट्रोक पहिल्यापासून बनवलंच नाही, १९६४ च्या पहिल्या आउटबोर्डपासून सगळी फोर स्ट्रोक. १५-२० एचपीचं त्यांचं मशीन ३५० सीसीचं, ताकद खालच्या रेसला छान देतं, भरलेली होडी उचलायला बरं. वजन ४७ किलोच्या आसपास आणि साधा कार्बोरेटर, म्हणजे मेकॅनिकला ओळखीचं काम. मर्क्युरी म्हणजे अमेरिकन कंपनी, पण लहान एचपीची तिची बरीचशी मशीनं जपानात तोहात्सूच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनतात, त्यामुळे मर्क्युरी आणि तोहात्सूची १५-२० ची फोर स्ट्रोक शेजारी ठेवून झाकण काढलं तर आतलं इंजिन तेच, ३३३ सीसी. मग दोन्हीपैकी जे स्वस्त मिळतं आणि ज्याचा डीलर जवळ आहे ते घ्यावं, रंगासाठी जास्त पैसे कशाला. तोहात्सूचं टू स्ट्रोक १८ एचपी पण मी चालवून बघितलंय, ४१ किलोचं, भारी खेचतं, जड जाळी भरून येणाऱ्या होडीला यामाहा १५ कमी पडत असेल तर हे बघण्यासारखं आहे.

चिनी मशीनंही येतात, पारसुन आणि हायडिया ही नावं जास्त ऐकू येतात, आणि त्यांची टू स्ट्रोक बरीचशी जुन्या यामाहाच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. किंमत बघून मन जातं, घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, सगळ्यांकडे एकरकमी पैसे नसतात. फक्त घेताना इम्पेलर, वॉटर पंपाचं किट, प्लग, दोरी आणि पंख्याची (प्रोपेलरची) पिन मशीनबरोबरच घेऊन ठेवा आणि यामाहाचे कुठले पार्ट त्याला बसतात ते मेकॅनिकला समोर उभं करून विचारा.

आता इम्पेलरचं. मशीन चालू असताना मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, आणि ते पाणी खेचतो तो खालच्या भागातला हा रबरी पंखा. आपल्याकडे खाडीच्या मुखावर, देवबागसारख्या ठिकाणी उथळ पाण्यात रेती ढवळून वर येते, ती रेती याच्या पात्या खाते. एकदा एका दुकानातून ओरिजिनल म्हणून घेतलेला इम्पेलर आम्ही बसवला आणि महिना नाही झाला तर धार बारीक व्हायला लागली. खोललं तर सहापैकी दोन पात्या मुळापासून गायब, मेकॅनिकने वाकवलेली तार घालून थर्मोस्टॅटच्या खोबणीतून रबराचे काळे तुकडे काढले, एकेक तांदळाएवढा. ते तुकडे आत राहिले असते तर नवीन इम्पेलर घालूनही मशीन तापलं असतं. ओरिजिनलचं रबर दाबलं की परत सरळ होतं, डुप्लिकेटचं कडक असतं नाहीतर वाकलेलं राहतं. पॅकिंग बघून फसू नका, हातात घेऊन दाबून बघा. आणि दर हंगामाला बदलाच, धार चांगली असली तरी.

अजून एक, याच्यावर कोणी बोलत नाही. आता पंपावर सगळीकडे ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि या कंपन्यांची मॅन्युअल्स उघडून बघा, १० टक्क्यांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं. टू स्ट्रोकला हे जास्त मारक आहे कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि मशीन टाकीच्या तळातून ओढतं, म्हणजे आत जातं ते बिनतेलाचं. एका रेसमध्ये पिस्टन धरू (जाम होऊ) शकतो. म्हणून बंदी लागायच्या आधी टाकी रिकामी करायची, पाइप काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो, आणि टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा. तो फिल्टर मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही. टू स्ट्रोकचं पेट्रोल-ऑइल मिश्रण पण रोजचं रोज करायचं, लिटरला २० मिली ऑइल, नवीन मशीनला सुरुवातीचे तास ४० मिली. आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ छापलेलं घ्या, बाइकचं टू-टी (टू स्ट्रोकचं ऑइल) नको. बाइकचं ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, त्यात राख सोडणारी द्रव्यं असतात, आपलं मशीन पाण्याने थंड राहतं म्हणून ती राख प्लगवर आणि पिस्टनवर चिकटते.

घेताना दुकानदार शाफ्टची लांबी विचारत नाही, आपणच विचारायचं. शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच. होडीची मागची फळी मोजा, मशीनची पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या बरोबरीला आली पाहिजे. खूप खाली गेली तर पाणी नुसतं ढकलत बसतं, वर राहिली तर लाटेवर पंखा हवेत फिरतो आणि मशीन ओरडतं. पंख्याचं पिच (एका फेरीत पंखा किती पुढे सरकतो ते) पण बघा, कंपनी हलक्या बोटीच्या हिशोबाने पंखा देते, आपली जाळी-बर्फ-माणसं भरलेली होडी त्याला जड जाते. फुल रेसला मशीन मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत) पोचतच नसेल तर कमी पिचचा पंखा लावा, स्पीड जातोय असं वाटेल पण मशीन मोकळं चालेल, पेट्रोलही वाचेल. आरपीएम मोजायचं छोटं मीटर मिळतं, प्लगच्या वायरला गुंडाळायचं, चार जणांत एक घेतलं तरी पुरतं.

जुनं मशीन घेणाऱ्याने गिअरचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्यावं. दुधासारखं पांढरं दिसलं तर सील गेलेलं आहे, पाणी आत शिरलंय, भाव पाडा नाहीतर सोडून द्या. खालचा जस्ताचा तुकडा पण बघा, बाकीच्या धातूआधी खाऱ्या पाण्याने तोच झिजावा म्हणून तो लावलेला असतो, त्याच्यावर कोणी रंग मारलेला असेल तर त्या माणसाने मशीन सांभाळलं नाही असं समजा.

माझा धाकटा भाऊ यंदा सुझुकी २० घेतोय, त्याची होडी पर्यटकांच्या कामाला जाते आणि मशीन उतरवायचा प्रश्न नाही. बाबांच्या होडीला यामाहाच राहणार, फक्त पेट्रोलचा फिल्टर तेवढा मी या आठवड्यात बसवून देतोय. वेंगुर्ला किंवा हर्णै बाजूला कोणी होंडा २० मासेमारीला दोन हंगाम चालवलं असेल तर पार्ट कुठून आणता आणि किती दिवस लागतात ते खाली सांगा, एका मित्राला लगेच ठरवायचंय.