औषधगाडीचा वर्षभराचा अनुभव: गोळ्या उत्तम, पण स्ट्रिप कापणं थांबवा

बडोद्याजवळच्या डभोई तालुक्यात गावोगावी औषधगाडी पाठवणारा ट्रस्ट कोणता, हे तिकडच्यांना वेगळं सांगायला नको. दर पंधरवड्याला गाडी येते, डॉक्टर तपासतात, बीपी आणि शुगर बघतात, गोळ्या तिथल्या तिथे मिळतात. माझ्या सासूबाईंचं कार्ड काढून वर्ष होत आलं. सासरे तिथल्या शाळेत होते, त्यामुळे घर गावातच, आणि आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात. अंगण सोडून तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू, असं आईंचं ठरलेलं उत्तर. म्हणून ही गाडी आमच्यासाठी फार मोलाची आहे.

आधी पैशांचं. बीपीची अॅमलोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिन नावाजलेल्या कंपन्यांची घेत होतो तेव्हा महिन्याला 600 रुपयांच्या वर जायचे. आता गाडीवरच्या ब्रँड नसलेल्या गोळ्यांत 150 च्या आत भागतं. आयुष्मान कार्ड असताना ट्रस्टचं कार्ड कशाला, असं नणंद विचारत होती. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता 5 लाखांचं संरक्षण मिळतं, आईंचंही ते कार्ड आहे. पण ते चालतं दाखल झाल्यावर. घरी सोडल्यानंतरची 15 दिवसांची औषधं त्यात बसतात, रोजची बीपीची गोळी बसत नाही. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा पैसा त्या रोजच्या गोळीतच संपतो. परवडेनाशी झाली की माणसं ती एक दिवसाआड घेतात आणि डॉक्टरांनाही सांगत नाहीत. आईंच्या शेजारच्या काशीबा असंच करत होत्या, आता रोज घेतात. माझ्या लेखी ट्रस्टचं सगळ्यात मोठं काम हेच.

ब्रँड नसलेल्या औषधाचा गुण येईल का, ही शंका आमच्याकडे फारशी नव्हती. बडोद्यातच 1983 मध्ये सुरू झालेली लोकॉस्ट ही संस्था ना-नफा तत्त्वावर आवश्यक औषधं बनवते, औषधांच्या किमतींच्या प्रश्नावर 2003 मध्ये सुप्रीम कोर्टात गेलेल्यांमध्येही ती होती. तरी आईंची तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासून घेतली. पहिल्यापेक्षा बरी आली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गोळ्या मोजून देतात आणि त्यासाठी स्ट्रिप कात्रीने कापतात. एक्स्पायरी आणि बॅच नंबर बहुतेक स्ट्रिपवर एकाच टोकाला छापलेले असतात. ते टोक ज्याला मिळालं त्याला मिळालं. दिवाळीच्या आधी आईंना चक्कर आली म्हणून रात्री डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या गोळ्या चालू आहेत? आईंनी पिशवीतून तुकडा काढून दिला. त्यावर एवढंच शिल्लक होतं: ‘हायड्रोक्लोराइड’. हा शब्द कितीतरी औषधांच्या नावाच्या शेवटी असतो! त्यावरून डॉक्टर काय ओळखणार? मेटफॉर्मिन आहे हे मी सांगू शकले, पण साधी की एसआर, हे मलाही सांगता येईना. आणि तो फरक लहान नाही. एसआर गोळी हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते, ती चुरून घ्यायची नसते. आई मोठी गोळी कुटून पाण्यातून घेतात. त्यांना कुणी सांगायचं?

1 ऑगस्ट 2023 पासून 300 मोठ्या ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला. ब्रँडची गोळी घेणाऱ्याला इतकी माहिती मिळते आणि स्वस्त गोळी घेणाऱ्याला तारीखसुद्धा नाही, हे मला अजिबात पटत नाही. गाडीवर जाऊन मी हे बोलले तेव्हा औषधं देणारा मुलगा म्हणाला, “बेन, बधाने आवुंज आपीए छीए.” सगळ्यांना असंच देतो, हे उत्तर होऊ शकत नाही. त्या दिवशी चांगलीच वादावादी झाली आणि कार्ड परत करायचं माझ्या मनात पक्कं झालं होतं.

पण पुढच्याच खेपेला त्यांच्या मोठ्या बेन स्वतः घरी आल्या. पूर्वी अख्खी स्ट्रिप देत, तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलली तरी जुनी घरात उरायची आणि माणसं दोन्ही घ्यायची, म्हणून मोजून द्यायला लागलो, असं त्यांनी सांगितलं. कारण खरं आहे. आईंच्या डब्यातही तशा जुन्या गोळ्या निघाल्या. त्यानंतर कागदी पाकिटं आली. वर गुजरातीत औषधाचं नाव, सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र. अक्षर न येणाऱ्या काशीबांनाही ती कळतात. एसआरवर ‘तोडवी नहीं’ असा शिक्का असतो. एवढ्यावर माझं मत बरंच बदललं.

बरंच म्हणतेय, कारण एक्स्पायरी अजूनही कधी लिहितात, कधी राहते. गर्दी असली की हमखास राहते. तो रकाना पाकिटावर छापूनच घ्या आणि भरल्याशिवाय पाकीट हातात देऊ नका, असं मी लेखी दिलंय.

इन्सुलिनवाल्यांनी मात्र या गाडीवर विसंबू नये. ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं आणि गाडीत फ्रिज नाही. बाकी बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर कार्ड जरूर काढा, फक्त पाकीट घेताना तारीख तिथेच उभं राहून लिहून घ्या. पावसात नाल्याला पाणी आलं की खेप चुकते, म्हणून जूनमध्येच महिन्याभराच्या जास्तीच्या गोळ्या द्या, अशी दुसरी मागणीही त्याच अर्जात आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.