सिल्फ्रा, आइसलँड: मित्रांसोबत वीकेंड डायव्हिंगसाठी कसं आहे?

थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानातल्या या भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं. लांगयोकुल हिमनदीचं पाणी लाव्हाखडकातून वर्षानुवर्षं गाळून येतं, म्हणून १०० मीटरच्या आसपास स्वच्छ दिसतं. मासे जवळपास नाहीत. पैसे द्यायचे ते या पारदर्शकतेसाठी, आणि ते वसूल होतात.

ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा जलरोधक सूट, सक्तीचा आहे. त्याचं सर्टिफिकेट किंवा अलीकडच्या ड्रायसूट डाइव्हची नोंद मागतात, ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे. आत लोकरीचे कपडे घाला; सुती नकोत, घाम धरून ठेवतात. मान आणि मनगटाभोवतीच्या घट्ट पट्टीखाली (सील) केस किंवा बाही अडकली की पाणी शिरलंच!

खरा धोका रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारं उपकरण, गोठण्याचा. थंडीत पाण्याबाहेर त्यातून श्वास घेतला, की श्वासातली वाफ सेकंड स्टेजमध्ये (तोंडात धरायच्या भागात) गोठते आणि हवा सुसाट सुटत राहते. म्हणून तो पाण्यात उतरल्यावरच तोंडात धरा, आणि श्वास घेताना त्याच वेळी सूट फुगवू नका. खोली १८ मीटरपर्यंतच. त्याहून खाली जायची परवानगी नाही. हातमोजे ओले असतात, बोटं आधी बधिरतात. भेगेतल्या ‘कॅथेड्रल’ नावाच्या भागानंतर ‘लगून’ या भागाकडे जाणारं डावं वळण चुकवू नका, पुढे प्रवाह ओढतो.