लायब्ररी सिस्टिमची वापरावी, सोबत द्यावी की स्टॅटिक लिंक करावी?

प्रोग्रॅम लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर द्यायचा असेल, तर लायब्ररींचं, म्हणजे प्रोग्रॅम वापरत असलेल्या तयार कोडच्या संचांचं, काय करायचं हे पहिल्या रिलीजआधीच ठरवा. मार्ग तीन आहेत: सिस्टिमवरची शेअर्ड (अनेक प्रोग्रॅमना सामायिक) लायब्ररी वापरणं, ती आपल्या पॅकेजमध्ये घालून देणं, किंवा स्टॅटिक लिंक करून सगळं एकाच फाइलमध्ये भरणं. निवडताना मी आधी एवढंच विचारतो, की उद्या त्या लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं तर ते बुजवणार कोण?

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड त्रुटी उघड झाली. सिस्टिमची लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमना डिस्ट्रोचं (उबुंटूसारख्या लिनक्स वितरणाचं) अपडेट आणि रीस्टार्ट पुरेसं होतं. ज्यांनी सदोष आवृत्ती स्टॅटिक लिंक केली होती किंवा सोबत दिली होती, त्यांना नवं बिल्ड काढून प्रत्येकापर्यंत पोचवणं भाग होतं. पण सिस्टिमवर विसंबण्याचीही किंमत असते. २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं, लायब्ररीचं सोनेम (प्रोग्रॅम तिला ज्या आवृत्तीसह नावाने शोधतो ते) १.१ वरून ३ झालं आणि उबुंटू २२.०४ च्या भांडारातून (अधिकृत पॅकेजसंग्रहातून) जुनी लायब्ररी गेली. जुन्या सोनेमशी बांधलेला प्रोग्रॅम तिथे सुरूच होत नाही.

स्टॅटिकची मजा म्हणजे फाइल कॉपी करा आणि चालवा. लिनक्सवर मसल ही छोटी सी लायब्ररी (सी भाषेची मूळ लायब्ररी) वापरून हे छान जमतं. बहुतेक डिस्ट्रोंवरची नेहमीची सी लायब्ररी, जीलिबसी, मात्र स्टॅटिक केली तरी होस्टनेम शोधताना शेअर्ड लायब्ररी मागते. मॅकवर पूर्ण स्टॅटिक प्रोग्रॅमला ॲपलचा पाठिंबाच नाही. आणि लायब्ररी एलजीपीएल या मुक्त परवान्याची असेल, तर ती बदलून पुन्हा लिंक करता यावं म्हणून वापरकर्त्याला ऑब्जेक्ट फाइल्स किंवा सोर्स द्यावा लागतो.

डेस्कटॉप ॲपसाठी माझा कौल लायब्ररी सोबत देण्याला. विंडोजवर हे सर्वात सोपं, कारण साध्या डीएलएल (विंडोजच्या शेअर्ड लायब्ररी) आधी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच शोधल्या जातात. लिनक्सवर आरपाथमध्ये (प्रोग्रॅममध्येच नोंदवलेल्या लायब्ररी शोधण्याच्या जागेत) ‘$ORIGIN’ लिहिलं की प्रोग्रॅम स्वतःच्या जागेपासून लायब्ररी शोधतो. मॅकवर डायलिबचे (मॅकच्या शेअर्ड लायब्ररींचे) पाथ बदलले की कोड सायनिंग, म्हणजे फाइलवरची डिजिटल सही, मोडतं. पाथ आधी, सही शेवटी, हा क्रम चुकवू नका.

सोबत द्यायची नाही अशी एक लायब्ररी आहे: जीलिबसी. मी एकदा माझ्या नव्याकोऱ्या लिनक्सवर बिल्ड केलं आणि जुन्या मशीनवर उत्तर आलं, ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’. कोडमध्ये मी काहीच नवं वापरलं नव्हतं. प्रोग्रॅमला लायब्ररीशी जोडणाऱ्या लिंकरनेच नव्या आवृत्तीची सिम्बॉल (फंक्शनची नावं) उचलली होती. जीलिबसीवर जुनं बिल्ड सहसा नव्या सिस्टिमवर चालतं, उलटं नाही. म्हणून ज्या सर्वात जुन्या सिस्टिमला आधार द्यायचा, तिच्यावरच बिल्ड करा. पायथॉनच्या जगातलं मेनीलिनक्स२०१४ हे लिनक्स पॅकेजेसचं मानक याच कारणासाठी जीलिबसी २.१७ वर थांबतं.

डिस्ट्रोच्या भांडारात जाणार असाल तर सिस्टिमचीच लायब्ररी घ्या; तिथे दुसरा विचार नको. सर्व्हरवरच्या छोट्या कमांडलाइन साधनाला स्टॅटिक. बाकी सगळ्यांनी लायब्ररी सोबत द्याव्यात आणि त्यांच्या सुरक्षा-सूचनांवर स्वतः नजर ठेवावी. रिलीजआधी लिनक्सवर एलडीडी, मॅकवर ओटूल, विंडोजवर डम्पबिन चालवून प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींची यादी वाचा. लिनक्स किंवा मॅकच्या यादीत तुमच्या होम फोल्डरचा पक्का पाथ दिसला, तर ते बिल्ड दुसऱ्याच्या मशीनवर कदाचित चालणार नाही.