डाकोटाला कोणती इंजिनं? डीएलई-२० ची जोडी, दीड वर्षानंतर

परभणीत माझं फवारणीचे पंप, ब्रश कटर अन् विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. टू-स्ट्रोकचा धूर खाण्यात पंचवीस वर्षं गेली. तरी माझ्या डाकोटासाठी, म्हणजे रिमोटवर उडवायच्या मॉडेल विमानासाठी, इंजिनांची पहिली जोडी निवडताना मी साफ फसलो. आधी ते सांगतो, मग डीएलई-२० या छोट्या पेट्रोल इंजिनाकडं येतो.

विमान डीसी-३ डाकोटा, एकास नऊ मापाचं. खऱ्या डाकोटाचा पंख टोकापासून टोकापर्यंत ९५ फूट, माझ्याचा साडेदहा. टाक्या भरून वजन १४ किलोच्या आसपास. डाकोटाच का, तर निजामाच्या राज्यात १९४५ साली सुरू झालेल्या डेक्कन एअरवेजकडं हीच विमानं होती, आणि आमचे आजोबा हैदराबादला गेले की बेगमपेठ विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून ती बघायचे. घरात फोटो नाही, फक्त वर्णन आहे.

पहिल्या जोडीचं नाव सांगत नाही. हॉर्सपॉवरचा आकडा मोठा अन् किंमत कमी, एवढंच बघून घेतली होती. एकेकटी दणकून चालायची, पण मंद केली की दहातून दोनदा गप्प. डिसेंबरात जिंतूर रोडच्या माळावर विमान जमिनीपासून जेमतेम पंधरा फूट वर गेलं आणि डावं इंजिन गेलं. एक इंजिनाच्या विमानात असं झालं तर ते घसरत खाली येतं, माणूस सरळ उतरवतो. दोन इंजिनांचं गणित उलटं. एक बैल बसला की दुसरा गाडी ओढत नाही, आडवी करतो. त्यातही दोन्ही पंखे मागून बघताना घड्याळाच्या काट्यासारखे फिरत असतील तर डावं जाणं जास्त वाईट, कारण उजव्याचा ओढा मधल्या रेषेपासून आणखी लांब पडतो. हात गॅस, म्हणजे इंजिनाची रेस, कमी करायला जाईपर्यंत डावा पंख खाली गेला होता.

विमान तुरीत. शेताचे मालक बांधावरून आले.

"काय पडलं रे?"

"विमान, मामा."

"इमान पडलं ते दिसायलंय. तुरीचं काय?"

वीस-पंचवीस झाडं मोडली होती. मी पाचशे दिले, चहा त्यांनी पाजला.

पंख दुरुस्त होईपर्यंत चार महिने विचार करायला मिळाले. पुतण्या संभाजीनगरला इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, इलेक्ट्रिक टाका, दोन्ही मोटारी सारख्याच फिरतील." खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे. ज्याला फक्त उडवायचंय त्यानं इथंच वाचणं थांबवावं अन् इलेक्ट्रिक घ्यावं. मला आवाज पाहिजे होता. मेथॅनॉलवर चालणारी ग्लो इंजिनं बाद, कारण मेथॅनॉल हे विष, कुणी सुटं देत नाही, आणि एवढ्या मोठ्या विमानाला त्याचा खर्चही परवडत नाही. झेनोआ जी-२६ वर मन बसलं होतं. त्यात मॅग्नेटो असतो, म्हणजे ठिणगीसाठी वेगळी बॅटरी लागत नाही. एकेक इंजिन दीड किलोच्या आसपास, पण डाकोटाची शेपटी लांब असल्यामुळं नाकात तसंही शिसं भरावं लागतं, तेव्हा वजनाचं दुःख नव्हतं. दुःख ताकदीचं. दोन्ही मिळून पन्नास सीसी या विमानाला जास्त, आणि जास्त ताकद म्हणजे एक बंद पडल्यावर दुसऱ्याचा धक्काही तेवढाच मोठा. सायटोचं फोर-स्ट्रोक एफजी-२१ ऐकायला सगळ्यांत गोड, पण किंमत ऐकून मी फोन ठेवला.

मग डीएलई-२०. वीस सीसी, पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. इंजिन, इग्निशन, सायलेन्सर धरून आठशे ग्रॅमच्या थोडं वर. जोडीला एका जुन्या स्प्लेंडरचे पैसे गेले. कार्ब्युरेटर उघडला तेव्हा जीव भांड्यात पडला: आत पडदा, सुई, छोटं लिव्हर. पॉवर स्प्रेमध्ये रोज बघतो तेच तत्त्व. मला दुरुस्त करता येईल असं इंजिन, हे कारण माझ्यासाठी हॉर्सपॉवरच्या वर आहे.

दुकानदारानं पहिल्यांदा एक नवं अन् एक जुन्या साठ्यातलं पाठवलं होतं, दोन्हींचे कार्ब्युरेटर वेगळे. मी परत केलं. बैलजोडी घेताना आपण उंची, चाल, दात बघतो. इथंही एकाच वेळचा माल मागा, अन् आल्याबरोबर खोके उघडून शेजारी ठेवून बघा.

दोन्ही दुकानामागच्या लिंबाखाली लाकडी घोडीवर बांधून पाच-पाच लिटर पेट्रोल जाळलं. शेजारच्या वहिनी दोन दिवस विचारत होत्या, गिरणी टाकली का म्हणून. कंपनी ३० ला १ तेल सांगते, म्हणजे लिटरला ३३ मिली. आपल्याकडं फवारणीवाले डोळ्यांनी ओततात तसं करू नका, मापानं टाका.

आता पेट्रोल, कारण दोन इंजिनं बंद पडायचं आपल्या भागातलं मोठं कारण तेच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. मराठवाड्यातल्याच उसाचं असेल, अभिमान वाटतो, पण ते पाणी ओढतं, आणि महिनाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरचा पडदा ताठ होतो. मोजायचं असेल तर मापाच्या नळीत १०० मिली पेट्रोल अन् २० मिली पाणी घालून हलवा, थांबा. खाली पाण्याचा थर चाळीसच्या आसपास दिसेल. वाढलेलं सगळं इथेनॉल. मी ते काढत बसत नाही, उडवून झालं की टाकी रिकामी करतो अन् इंजिन कोरडं होईपर्यंत चालवतो. पडदे दर दिवाळीला दोन्हींचे एकदमच बदलतो, एकाचे कधीच नाही. ग्लोवाल्यांची सिलिकॉन नळी पेट्रोलला लावू नका, फुगते. पेट्रोलला टिकणारी पिवळी टायगॉन नळी घ्या.

प्रत्येक इंजिनाला वेगळी टाकी, वेगळी इग्निशन बॅटरी, गॅसला वेगळा सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर गॅस हलवणारी छोटी मोटार). पंखे दोन्हींवर १६ बाय ८, म्हणजे व्यास १६ इंच अन् पात्याचा पीळ एका फेऱ्याला ८ इंच. लटकता काटा लावून ओढ मोजली: जानेवारीत एकाची साडेपाच किलो, मे महिन्यात दुपारी पाचच्या खाली. परभणीच्या त्रेचाळीस अंशात हवा एवढी पातळ होते की इंजिनाला आपण दीड हजार मीटर उंच डोंगरावर असल्यासारखं वाटतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच.

सगळ्यांत जास्त वेळ दोन्ही एकसारखी लावण्यात गेला. आधी एकेक वेगळं: पूर्ण गॅसला सुई थोडी जाडसर ठेवायची, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त. त्यात मिनिटाला दोन-तीनशे फेरे गेले तर जाऊ द्या. मग मंद चाल. तिथं मी कंजूषपणा केला नाही, दोन्ही मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर दहा मिनिटं सलग चालली तेव्हाच पुढं गेलो. फेरे मोजायचं यंत्र आहे, पण शेवटचं काम कानाचं. दोन इंजिनांत ६० फेऱ्यांचा फरक असला की सेकंदाला एक 'ढूंव' ऐकू येतो. रिमोटमध्ये गॅसची रेषा (काडी किती सरकवली की गॅस किती उघडायचा ती) थोडी वाकवत गेलो, ढूंव लांबत लांबत गेला. पूर्ण घालवायच्या मागं लागू नका. शंभर फेऱ्यांच्या फरकानं विमान वाकडं जात नाही, उगाच सुई फिरवल्यानं मात्र इंजिन बंद पडतं.

नावं ठेवायचीच तर दोन. आवाज डाकोटाचा नाही, आमच्या पॉवर स्प्रेच्या थोरल्या भावाचा आहे. आणि खऱ्या डाकोटाची चौदा सिलिंडरची गोल इंजिनं ज्या गोल टोपणात बसतात, तिथं हे उभं इंजिन उलटं बसवूनही खालून डोकं काढतं. मला टोपण कापावं लागलं, सायलेन्सरही बाजूनं दिसतो. ज्याला ते चालणार नाही त्यानं मागं धूर सोडणारं डीएलई-२० आरए बघावं.

नियमाचं एक: १४ किलोचं विमान २०२१ च्या ड्रोन नियमांतल्या मॉडेलच्या २५ किलोच्या मर्यादेत बसतं. परभणीला विमानतळ नाही म्हणून कुठंही उडवा असं नाही, सरकारच्या ड्रोन नकाशात हिरवा भाग बघा अन् ४०० फुटांच्या आत राहा.

दीड वर्षात साठेक उड्डाणं झाली. हवेत इंजिन एकदाच बंद पडलं, उजवं, आणि चूक माझी: भरताना टाकीच्या हवेच्या नळीला लावलेला चिमटा काढायचा राहिला. यावेळी हात आधी गॅसवर गेला, दुसरं मंद केलं, नाक खाली, सरळ समोर. मामांच्या बांधापासून वीस पावलांवर थांबलं. ते खुरपं घेऊन उभेच होते. तेव्हापासून चिमट्याला लाल चिंधी बांधलीय.